गार सिलिंडर

होटगी रोडच्या हँगरात पत्रा टिकटिक तापतो.
उजव्या मॅग्नेटोवर इंजिन अडखळलं,
काटा दोनशेनं खाली.
"हितंच बंद कर," चिप्पामामा म्हणाले.

काउलिंग उघडून, बोट थुंकीनं ओलं करून
एक्झॉस्टच्या एकेका नळीला निसटता स्पर्श:
एक, चर्र. दोन, चर्र.
तीनवर बोट टेकलं ते राहिलंच.
"माणसाचं उलटं हाय.
हितं आजारी तो गार."

खालचा प्लग. टोकाशी शिशाचा मणी,
ज्वारीच्या कणीएवढा.
मामांनी तो सुईनं उकरला,
मागावर तुटलेला धागा धरायचे त्याच चिमटीनं,
तेलुगूत काहीतरी पुटपुटत.

पुन्हा स्टार्ट. उजवा.
काटा जेमतेम हलला.
सांगायला खाली उतरलो तर
मामा चहाला गेलेले,
बाकावर सुई,
सुईशेजारी मणी.