लूप लाइन

सावद्याला, केळी पिकवायच्या खोलीत
केलाय त्यांनी नवा अल्बम. सातवा.
थर्माकोलच्या भिंती, जाड दार,
सीझन सुरू व्हायच्या आत मिळाली, भाडं नावापुरतं.

फिरके अजून उभ्यानेच बेस वाजवतो,
गुडघ्याला पट्टा बांधून.
सिकंदर तडवी मार्चात रिटायर झाला लोको शेडमधून.
पूर्वी नाइट करून थेट ड्रमवर बसायचा;
आता झोप पुरी होते,
तर म्हणे ठेका चुकतो.

एकतीस वर्षं मी यांची पोस्टरं छापतोय.
भुसावळात बँड म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं,
घोडी तुमची का आमची?
एकदा वरणगावला खरंच वाजवून आले वरातीत,
स्वतःचीच गाणी.
नवरदेव तेवढा नाचला.

चौथं गाणं त्यांनी मला तिथेच ऐकवलं,
प्लास्टिकच्या उलट्या क्रेटवर बसवून.
मधेच कॉम्प्रेसर सुरू होतो, घुर्रर्र,
आणि कुणीच थांबत नाही.
विल्सन हळूच गिटार त्याच्या सुरात आणतो,
पंगतीत उशिरा आलेल्याला
मांडी आवरून जागा द्यावी तसा.

म्हटलं, हा आवाज काढून टाकायचा होता ना.

"कशाले?" फिरके म्हणाला,
"तोच एक आला होता आयकाले."

आणि वायर गुंडाळायला लागला कोपराभोवती.
सकाळी रावेरहून पहिला ट्रक येणार होता,
झाडून द्यायची होती खोली.