ओठ न हलवता

चिस्तोपोलच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं :
झिन्नूर, वय एक्याऐंशी. उजवी बाजू लुळी.
बोलण्यात एकच शब्द उरलेला, ला.
अर्थ बहुधा 'नको'.

सूप देऊ? ला.
खिडकी लावू? ला.
बाहेर कामा नदी गोठलेली, तिच्यावरून ट्रक चाललेले,
आणि आत माझे वडील
जगातल्या एकेका वस्तूला नाही म्हणत पडलेले.
मला आधी रागच आला.

घड्याळांच्या कारखान्यात होते ते.
सदतीस वर्षं डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग,
समोर मुकादम,
भिंतीवर लाल अक्षरांत : देव नाही.

एकदाच, काकडी चिरता चिरता म्हणाले होते,
"निम्मं वाक्य बरोबरच होतं गं भिंतीवर.
उरलेलं मी म्हणायचो."

म्हणायचे कसे, तर ओठ न हलवता.
ला इलाह इल्लल्लाह.
म्हणून बघा, ओठाला ओठ कुठेच लागत नाही.
सगळं काम जिभेचं आणि श्वासाचं,
मुकादमाला दिसणार काय?
आधी घड्याळ पुरतं उघडायचं, म्हणायचे,
एकेक चक्र काढून ठेवायचं,
हुद्द्याचं, पगाराचं, भीतीचं, 'मी'चंसुद्धा.
नाही, नाही, हेही नाही.
मग 'खेरीज' म्हणून
एकच बसवायचं.

दुसऱ्या निम्म्याची मात्र पंचाईत.
मुहम्मद म्हणायला ओठ मिटावेच लागतात, दोनदा.
निरोप आणणाऱ्याचं नाव
तोंड लपवून घेता येत नाही.
हिवाळ्यात ते मफलरीआड घ्यायचे,
उन्हाळ्यात कारखान्याच्या नळाला तोंड लावून.
लोक म्हणत, झिन्नूरला तहान फार.

चौथ्या रात्री रेडिएटर ठोके देत होता.
मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.
ला. मग नुसता श्वास.
मग, खूप उशिरा,
इलाह.

म्हणजे तो 'नको' नव्हताच.
तीन दिवस एक वाक्य उंबऱ्याशी अडखळत होतं
आणि आम्ही सूप बदलून बघत होतो.

इल्ला आलं. त्यापुढचंही आलं.
मग थांबले. ओठ ढिले, मधे फट.
माझ्याकडे बघत राहिले.

मला नमाज येत नाही. मी शाळेत भूमिती शिकवते.
साक्ष देणाऱ्यानं काही पाहिलेलं असावं लागतं, एवढं कळतं.
आणि मी काहीच पाहिलेलं नव्हतं,
नळाशी वाकलेला एक माणूस सोडून.

अंगठ्यानं आणि बोटानं
मी त्यांचे ओठ हलकेच मिटले.
सोडले.
पुन्हा मिटले.

आवाज आला, एवढं खरं.
कुणाचा, ते मला सांगता येणार नाही.
माझेही ओठ तेव्हा
मिटलेले होते.