पन्हा

चार खिडक्या, आणि एकीचं माप
दुसरीला लागत नाही.
गुरुशांत नवी पेठेतून आलाय टेप घेऊन,
काखेत नमुन्यांचं जाडजूड पुस्तक.
उंबऱ्यातच थांबून वर बघतो,
"ताई, हे घर कुणी बांधलं ओ?"

बांधलं नाही कुणी. उरलं.
आधी इथे आठ माग होते.
ते किलोवर भंगारात गेले
आणि मोकळ्या जागेत आम्ही भिंती घातल्या,
पैसे येतील तशा, सुचतील तशा.
स्वैपाकघर सहाव्या मागावर आहे.
मी झोपते तिथे सुताची पोती असायची.

पत्र्याखालची ती लांबलचक फट
सुताचे तंतू बाहेर जावेत म्हणून ठेवलेली,
अकरा फुटांवर, जेमतेम वीतभर उंच.
आता तंतू जात नाहीत, ऊन येतं.
एप्रिलात चारच्या सुमाराला
भिंत उतरून नानांच्या कॉटवर बसतं
वसुलीवाल्यासारखं, न चुकता.
सध्या तिथे एक जुनी चादर खिळ्यांवर ताणलीय,
मोराची, पण उलटी लागली.
गुरुशांत म्हणतो, रोलर बसवू,
फक्त दोरी फार खाली लोंबेल.
"लोंबू दे की," नाना म्हणतात,
"हातमागावर दोरी वढण्यातच जवानी गेली माझी."

जिन्याजवळची खिडकी जिन्यानेच कापलीय.
खालचा तिरका तुकडा आमचा,
वरचा भास्करचा.
वाटणीच्या कागदात नळाचं लिहिलंय, मीटरचं लिहिलंय,
खिडकीचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
पद्मावहिनीला मरून हवाय.
मी अजून काही बोलले नाही.

मग तो आतल्या खिडकीपाशी टेप लावतो.
हिच्या दोन्ही बाजूंना घरच.
इकडे माग खडखडायचे, तिकडे आई.
त्या आवाजात शब्द पोचायचे नाहीत,
म्हणून खुणा होत्या:
दोन बोटं म्हणजे चहा,
वळलेली मूठ म्हणजे मालकाने पगार दिला नाही,
कपाळावर तळवा म्हणजे पोरगी तापलीय.
ती पोरगी मी.
"हिला काय लावू?"
राहू दे, म्हटलं. त्याने तरी माप लिहून घेतलं,
छत्तीस बाय बावीस.

खरी पंचाईत बोळाकडच्या खिडकीची.
समोर दीड हातावर शहेदाबींचं स्वैपाकघर.
वीस वर्षं इकडून शेंगाचटणी जाते,
तिकडून कधी खिमा, कधी नुसतीच बातमी.
पण गेल्या महिन्यात त्यांच्याकडे सून आली,
आणि मी दिसले की तिचं लाटणं थांबतं,
हात पदराकडे जातो.
पडदा तिच्यासाठी लावायचा.
पण जाड लावला तर शहेदाबी म्हणणार,
आमचं काय चुकलं गं रेणुका?

म्हणून मी ते पुस्तकच पुढे केलं.
गजांतून जाईना, आडवं करून सरकवलं.
तुम्हीच सांगा, म्हटलं, तोंड तुमच्याकडेच असणार त्याचं.
शहेदाबींनी गुलाबी काढला, निळा काढला,
जरीचा काढला आणि स्वतःच हसल्या.
मग मागून एक हात आला, पिठाचा,
मेंदी उतरत आलेला,
आणि एका पिस्त्यावर बोट ठेवून
लगेच मागे गेला.
बोटाचा पांढरा ठसा कापडावर राहिला.
गुरुशांतने तो झटकला नाही.

नानांनी ते कापड अंगठ्याखाली चोळलं,
उजेडाला धरलं, एक तार उसवून बघितली.
"सुरतचं. पॉलिस्टर."
आम्ही सगळे गप्प.
ज्यांनी जन्मभर लोकांची अंथरुणं विणली
त्यांच्या खिडकीला कापड बाहेरून.
"पन्हा किती?"
अठ्ठेचाळीस, काका.
"खिडकी बावन्न हाय."
जोड देतो की, शिलाई जास्त पडेल.
"नको. चार इंच सुटू दे एका बाजूला.
वाटी कुठून जाईल मग?"

ॲडव्हान्स पाचशे दिले.
गुरुशांतची गाडी बोळातून गेली,
चार वाजले, ऊन खाली उतरायला लागलं,
मोराच्या पिसाऱ्यातून, उलट्या.
मी आतल्या खिडकीशी भांडी विसळत होते.
सहज वर पाहिलं तर कॉटवरून
नानांची दोन बोटं वर.

आधण ठेवलं.
साखर, डॉक्टरांनी सांगितलीय तेवढीच.