तळाला काय आहे

ऐरोलीत, चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लागला
की मी दर्शना मढवी राहत नाही.
मी डोना.
डोना म्हणते, हो ना, आज इकडेही छान उजेड आहे,
आणि बाहेर रात्रीचे साडेबारा,
वॉचमन मच्छर अगरबत्ती पेटवतोय.

मे संपत आलेला.
तिकडे राणीच्या गादीला सत्तर वर्षं,
गल्लोगल्ली टेबलं मांडणार, कागदी पताका,
सगळ्यांना गोड हवंय, रविवारच्या आत, घरपोच.

हॅलिफॅक्सच्या मिसेस ऑर्मरॉड.
वय ब्याऐंशी, आपणहून सांगितलं.
गल्लीत तेवीस घरं, सँडविच शेजारची करतेय,
यांच्या वाट्याला गोड आलंय.
"ठरतच नाही बघ, पोरी."

स्क्रीनवर यादी.
व्हिक्टोरिया स्पंज, मध्ये जॅमची रेघ.
एटन मेस, नावातच पसारा.
लेमन टार्ट.
ट्रायफल, काचेच्या वाडग्यात.
प्रत्येकापुढे कोड, वजन, अंडं आहे की नाही.
यातलं एकही मी खाल्लेलं नाही,
पण कोड झोपेतही सांगेन.

स्पंज गेल्या खेपेला पावसात भिजला, त्या म्हणाल्या.
टार्ट दाताला आंबट लागतं.
ट्रायफल हॅरॉल्ड करायचा,
शेरी जरा जास्तच ओतायचा.
मग गप्प.

गप्प बसायला आम्हाला आठ सेकंद असतात.
नवव्याला विचारायचं, आणखी काही मदत करू?
नववा गेला. दहावाही.

"तू काय घेतलं असतंस?"

याचं उत्तर ट्रेनिंगच्या वहीत नाही.
आमच्यात लग्नाला घारगे असतात, भोपळ्याचे,
मांडवामागे बायका थापत बसतात.
ते कुणी निवडलेले नसतात,
जशी रुसणारी मावशी कुणी निवडत नाही.
गोड निवडायचं असतं
हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

मी म्हटलं, ट्रायफल घ्या.
"का गं?"
काचेतून दिसतं ना, तळाला काय आहे ते.

खूप हसल्या.
"तळाला कालचा केक असतो, पोरी. शिळा.
ताजा टाकलास तर लगदा होतो.
शिळाच सगळं पिऊन घेतो, आणि वरचं धरून ठेवतो."

मी पायांकडे पाहिलं.
कार्पेट. खाली पोकळ फरशी, वायरींचा गुंता.
मग तीन मजले दुसऱ्या कंपन्यांचे, मग पार्किंग,
मग डंपरनी आणून ओतलेला मुरूम,
आणि पार खाली आमचं खाजण,
रात्याचं भात, बांध फुटला
की आजोबा रात्रभर खाऱ्या पाण्यात उभे.
बाबा सांगतात,
"आपला तुकरा लिफ्टचे आजूबाजूलाच व्हता गो."
नक्की कुठे, ते लिफ्टमध्ये दिसत नाही.
मी मात्र रोज एकदा खाली बघते.

"तू बोलतेस कुठून?"
उत्तर पाठ आहे: आम्ही नेहमीच आपल्या जवळ आहोत.
मी म्हटलं, खाडीकाठून.
"अगंबाई, पाण्याजवळ! नशीबवान आहेस."

ट्रायफल, बारा जणांचं, दोन नग.
सूचनेच्या रकान्यात मी लिहिलं:
बेल दोनदा वाजवा, बाईंना कमी ऐकू येतं.
त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं.
मीच तीनदा एकेक वाक्य परत म्हटलं होतं.

वेळ: अकरा मिनिटं.
अनावश्यक संभाषण: हो.
टीम लीडरनं लाल खूण केली आणि जांभई दिली.

पहाटे गाडीनं गावाच्या कमानीशी सोडलं.
फ्रिजमध्ये डब्यात चार घारगे,
परवाच्या हळदीतले, कडक.
काचेचा ग्लास घेतला, दूध ओतलं,
एक बुडवला आणि थांबले.
रंग हळूहळू वर चढत गेला.

आई उठून आली.
"काळोखान काय खातंस गो?"
नाव आहे त्याला, म्हटलं.
बस, बारा जणांचं आहे.