अनगोळच्या रिंकवर

ईरण्णा सर, एक विचारू?
टीव्हीवरच्या त्या पोरी एवढ्या गरगर फिरतात,
त्यांना घेरी येत नाही?
"येते की. सांगत नाहीत."

बर्फ आपल्याकडं फक्त मासळी बाजारात,
भुशात गुंडाळलेला.
म्हणून मी चाकांवर.
सात-आठ वर्षांची पोरं उलटी पळतात माझ्यासमोरनं,
"ओ काकू, सरा की!"

बेचाळीस म्हणजे उशीर का,
हे विचारत नाही. बूट घेऊन झालेत.

पडायचं कसं तेवढं सांगा.
सर कानडीत म्हणतात, गुडघा वाकव.
मराठीत पुन्हा म्हणत नाहीत.
गुडघ्याला दोन्ही कळतात.

रात्री सासूबाईंना निळा डाग दिसला.
"कुठं आपटलीस गं?"
जिन्यावरनं, म्हटलं.

आमच्या घराला जिना नाही.