जावळाआधी

नारानतूलच्या बाजारात, बुटांच्या रांगेमागे,
जिथे जुने रेडिओ आणि कढया
एकाच ताडपत्रीवर कुडकुडत असतात,
तिथे गानखुयागने तीन कॅमेरे मांडले होते
मेंढीच्या कातड्यावर, तान्ह्या लेकरांसारखे.

माझ्या हातमोज्यात ऐंशी हजार तुगरिक.
बेकरीच्या रात्रपाळीचे, अजून पिठाचा वास असलेले.
ऐंशी हजार म्हणजे कोळशाची सव्वीस पोती.
हा हिशेब करायचाच नाही असं ठरवून निघाले
आणि बसमधून उतरेपर्यंत तीनदा केला.

रविवारी तेमुलेनचं जावळ.
पाच वर्षं वाढलेले केस, पार कमरेला टेकलेले.
वाण्याच्या दुकानात कुणी त्याला "पोरी" म्हणालं
की तो बूट आपटतो.
त्याचा बाप इंचॉनला गेला तेव्हा
टाळूवर नुसती लव होती.
फोनवर विचारतो, किती लांब झाले?
मी हाताने दाखवते. फोनवर!

"बारा मेगापिक्सेल," गानखुयाग म्हणाला,
आकडा असा उच्चारत, जणू बारा पिढ्यांची कुळी सांगतोय.
पण झोलझाया बाईंनी निघताना बजावलं होतं:
आकड्याला भुलू नकोस, ओतगोन.
काच बघ. झूम कुरकुरतो का ते ऐक.
आणि सेल साधे हवेत, कोपऱ्यावर मिळणारे,
नाहीतर चार्जर हरवला की उरला नुसता डबा.

म्हणून घोड्याचे दात बघावेत तशी
मी एकेकाचं तोंड उघडून बघितलं.
पहिल्याच्या काचेत बुरशी.
दुसरा देखणा, चंदेरी, सुरीसारखा पातळ;
हातात घेतल्यावर सोडवेना.
पण बाहेर उणे बावीस,
तीन फोटोंत त्याने डोळे मिटले.
"काखेत धरा, उठेल," गानखुयाग म्हणाला.
घरात एक लेकरू काखेत आहेच, भाऊ.

तिसरा ठोंब्या. राखाडी. विटेएवढा जड.
पोटात दोन पेन्सिल सेल,
आणि पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका.
बुटांचा फोटो काढा, आभाळाचा काढा,
ठिपका तिथेच.
"हा कसला?" "काही नाही, जन्मखूण."
"जन्मखुणेचे किती कमी करता?"
तो हसला, मी नाही हसले.
पंचाण्णववरून बहात्तर, तेही
दोनदा पाठ फिरवून चालू लागल्यावर.
कार्डाचे सहा. बसचं भाडं बाजूला काढलं
आणि सेलना काही उरलं नाही.

रविवारी माणसं जमली.
थोरल्या मामाने कात्रीला निळा खादाग बांधला
तेव्हा मी स्टुलावर चढून
भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढत होते.
अकरा वाजून दहा मिनिटं.
सासूबाई म्हणाल्या, आजच्या दिवशी घड्याळ बंद पाडू नये गं.
मी म्हटलं, आजच्याच दिवशी पाडावं.

कॅमेरा जागा व्हायला इतका वेळ लावतो
की पहिली बट हुकली.
दुसरीही. मग खटका पडला:
तेमुलेन कात्रीकडे नाही, माझ्याकडे बघतोय,
रागावलेला, अर्धे केस मामाच्या मुठीत.
एका फोटोत ठिपका मामाच्या टोपीवर,
एकात किटलीवर, एकात सासूबाईंच्या गालावर,
जणू त्या लाजल्यात.
अकरा फोटो निघाले. बाराव्याला पडदा काळा.

ते आता इंचॉनला पोचलेत.
त्याने दुसऱ्या कशाबद्दल विचारलं नाही,
एवढंच: प्रत्येक फोटोत तो लाल दिवा कुणाचा?

सेल मी रात्री परत भिंतीवर चढवले.
होते नव्हते तेवढ्या जोरावर घड्याळ चालू झालं,
अकरा दहापासूनच, पुढे.
वेळ लावायची राहिली आहे.
उठायचं असलं की आम्ही
मनातल्या मनात दहा तास मिळवतो.