सांधा

सकाळी सात, रेवदंडा एसटी स्टँडामागे
अकरा जण. तीन छत्र्या, एक ड्रोनवाला.
(पिशवीतच असू दे बाबा, इथे घारी आहेत.)

मी गाइड नाही. माझा बाप चुना भाजायचा.
खाडीवरून तिसऱ्यांच्या शिंपल्या, पाटीने,
तीन रात्री भट्टी, मग हौदात विझवणं,
वर गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी,
आणि घाणीभोवती बैल, दुपार टळेपर्यंत.
त्यामुळे मला दगड उशिरा दिसतो.
आधी सांधा दिसतो.

चला. चपला असू द्या,
वाडीत शिपणं झालंय, चिखल आहे.

हा दर्यादरवाजा. वर मुकुट, ढाल,
जे काही होतं ते खाऱ्या वाऱ्याने चाटून चाटून
साबणाची वडी करून टाकलंय.
फोटो काढा, सगळेच काढतात.
पण इथे, गुडघ्याच्या उंचीवर,
फटीत बोट घाला.
लागला?
आख्खा शिंपला. भाजायचा राहून गेलेला.
कुणाची तरी त्या दिवशीची घाई,
अजून तशीच.

तो मनोरा. नाव सातखणी.
शाळेत असताना आम्ही मजले मोजायचो,
प्रत्येकाचं उत्तर वेगळं यायचं
आणि गुरुजी सगळ्यांनाच चूक द्यायचे.

आता चर्च.
थांबा. नाही, हेच.
पोफळी दिसतायत ना, त्या दोन रांगा,
आणि ती पंपाची खोली. तिथे वेदी असावी.
भिंत कुठे गेली म्हणता?
भिंत चालत गेली.
म्हणून तर आपणही चालतोय.

ही विहीर. पाण्याच्या वरचा चौथा थर बघा:
कमानीचा दगड, उलटा बसवलेला,
वाकडेपणा आत, पाठ बाहेर.
हे खांबाचं बूड, त्यावर तुळस.
ह्या पायऱ्या दानियल मास्तरांच्या.
माझ्या बापाने सांधल्या,
सिमेंटला परमिट लागायचं तेव्हा.
पाचवी मात्र मास्तरांच्या जावयाने सिमेंटात बसवली.
तुम्हीच बघा कुठली फुटलीय ती.

मग द्रौपदी घरत.
न्हाणीमागे, माडाच्या आळ्याजवळ,
चादर आपटत होती.
आम्हाला बघून थांबली नाही, अकरा माणसं
तिच्या दगडाभोवती गोल करून उभी राहिली तरी.
पुण्याची ती आर्किटेक्ट मुलगी, अनघा साठ्ये,
इतका वेळ नुसतं लिहून घेत होती.
ती खाली बसली. फेसात बोट फिरवलं.
‘काकू, एक मिनिट.’
मग तांब्याभर पाणी ओतलं.
मग पुन्हा एक तांब्या.

‘थडगं आहे हे,’ म्हणाली.
‘नाव गेलंय. पहिलं अक्षर एम असेल.
वय दिसतंय. सात. किंवा एक,
वरची रेघ दगडाची आहे की आकड्याची
ते कळत नाही.’

द्रौपदीने चादर खांद्यावर घेतली.
पाणी तिच्या पाठीवरून ओघळत राहिलं.
‘मुलगा की मुलगी?’
‘नाही सांगता येत.’

कुणीतरी म्हणालं, म्युझियममध्ये हवा.
‘न्या की,’ ती म्हणाली,
‘पण ह्याच उंचीचा दुसरा आणून द्या.
एकतीस वर्षं माझी कंबर ह्याला बसलीय.’

मी वाकलो, सवयीने, सांधा बघायला.
सांधा नव्हता.
नुसता वाळूवर टेकवलेला,
चार माणसांनी म्हटलं तर उचलावा असा.
एवढ्या वर्षांत मी इथून शंभरदा तरी गेलो असेन.

‘पुढचं ठिकाण?’ ड्रोनवाल्याने विचारलं.
मी म्हटलं, थांब जरा.

तिने तळहाताच्या कडेने
आकड्यातला साबण निपटला,
ताटातला भात गोळा करावा तसा,
आणि उरलेली चादर
बादलीतच खंगाळली.